लाल डोळ्यांचे फोटो: एका कौटुंबिक मेळाव्याचा प्रकरण अभ्यास

एका कुटुंबाच्या संध्याकाळच्या मेळाव्यात काढलेले फोटो दुरुस्तीसाठी माझ्याकडे आले, तेव्हा मागणी अगदी साधी होती: पुष्कळशा फोटोंत माणसांचे डोळे लाल आले आहेत, ते एकगठ्ठा काळे करून द्यावेत. कॅमेरा लेन्स बदलता येणारा आणि चांगल्या दर्जाचा होता, फोटो काढणारा घरातलाच तरुण असला तरी नवखा नव्हता, आणि लाल डोळे टाळण्यासाठी कॅमेऱ्यात दिलेली सोय, म्हणजे रेड-आय रिडक्शन, त्याने सुरूही ठेवली होती. इतकी काळजी घेऊनही डोळे लाल का आले, हा प्रश्न मला दुरुस्तीपेक्षा महत्त्वाचा वाटला, कारण त्याचे उत्तर मिळाले नसते तर पुढच्या मेळाव्याचे फोटोही असेच आले असते. शिवाय फोटो एकेक करून मोठे करून पाहताना एका मुलाच्या डोळ्यात असे काही दिसले की एकगठ्ठा दुरुस्तीचा विचार मी तिथेच सोडून दिला.

प्रसंग आणि फोटोंचे तीन गट

मेळावा एका लांबट, पांढऱ्या छताच्या खोलीत झाला होता. फोटो काढण्याची वेळ, लेन्सचे फोकल लेंग्थ (झूम किती केले आहे ते सांगणारे मिलिमीटरमधले माप), ॲपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडे होते ते), फ्लॅश उडाला की नाही, एवढेच नव्हे तर रेड-आय रिडक्शन चालू होते की नाही, ही सगळी माहिती कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये एक्झिफच्या रूपाने नोंदवून ठेवतो. त्या नोंदी वेळेच्या क्रमाने लावल्यावर फोटोंचे तीन गट सहज वेगळे झाले.

पहिल्या गटातले फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ काढलेले होते. चेहऱ्यावरची सावली उजळावी म्हणून त्यांतही कॅमेऱ्यातलाच वर उघडणारा पॉप-अप फ्लॅश वापरला होता, पण एकही डोळा लाल नव्हता. दुसरा गट अंधार पडल्यावरचा. खोलीतले दिवे मालवून पडद्यावर जुनी छायाचित्रे दाखवण्यात आली होती, आणि तो कार्यक्रम संपताच, निम्मे दिवे अजून बंद असताना, सर्वांना एकत्र उभे करून फोटो घेतले गेले. तक्रार होती ती जवळजवळ पूर्णपणे याच गटाबद्दल. तिसऱ्या गटाच्या वेळी सगळे दिवे लावलेले होते, आणि एका पाहुण्याने दिलेला स्वतंत्र फ्लॅश कॅमेऱ्याच्या हॉट शूवर, म्हणजे फ्लॅश बसवण्यासाठी माथ्यावर असलेल्या खाचेत, बसवून त्याचे तोंड छताकडे वळवले होते. या गटात डोळे स्वच्छ आले.

माणसे तीच, कॅमेरा तोच, खोलीही तीच, आणि बदलली ती फक्त प्रकाशाची व्यवस्था. कुणी ठरवून केला असता तरी इतका चांगला प्रयोग क्वचितच साधला असता.

लाली येते कुठून

डोळ्याची बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधोमध असलेले छिद्र. ती आपल्याला काळी दिसते, कारण आत गेलेला प्रकाश मागच्या दृष्टिपटलावर पडून जेव्हा परततो, तेव्हा तो बहुतांशी आला त्याच वाटेने परत जातो. त्या वाटेवर जाऊन पाहायचे म्हटले तर पाहणाऱ्याचे डोकेच प्रकाशाच्या आड येते. ही अडचण ओळखून हेरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी काचेच्या साहाय्याने प्रकाशाची वाट आणि नजरेची वाट एकत्र आणली आणि डोळ्याच्या आतला भाग पाहण्याचे उपकरण १८५१ मध्ये प्रसिद्ध केले. नेत्रतज्ज्ञ आजही त्याच तत्त्वावरच्या उपकरणाने डोळ्याचा मागचा पडदा तपासतात. लेन्सच्या अगदी शेजारी फ्लॅश असलेला कॅमेरा नकळत हेच करतो: प्रकाश जिथून निघाला तिथेच पाहणारा बसलेला असतो, त्यामुळे परत आलेला प्रकाश थेट लेन्समध्ये शिरतो.

हा प्रकाश लाल असतो, कारण दृष्टिपटलामागचा थर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला असतो. रक्त हिरवा आणि निळा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते आणि तांबडा बराचसा परत पाठवते. त्याच भागात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्यही असते. ते जितके जास्त, तितका परतणारा प्रकाश कमी. म्हणूनच या फोटोंमध्ये गडद तपकिरी डोळ्यांच्या माणसांच्या बाहुल्या विटकरी, काहीशा मंद दिसत होत्या, तर घाऱ्या डोळ्यांच्या एका बाईंच्या बाहुल्या निखाऱ्यासारख्या उजळल्या होत्या. दोघीतिघी शेजारी शेजारी उभ्या, प्रकाश सारखाच, तरी हा फरक पडला होता. फोटो काढणाऱ्याला वाटले होते की त्या बाईंनी थेट फ्लॅशकडे पाहिले म्हणून असे झाले, पण ते कारण नव्हते.

कोनाचा हिशेब

लाली येणार की नाही हे ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे समोरच्या माणसाच्या डोळ्यापासून पाहिले असता फ्लॅश आणि लेन्स यांच्यामध्ये पडणारा कोन. डोळ्यातून परतणारा प्रकाश अगदी सरळ रेषेत येत नाही, त्याचा एक अरुंद शंकू बनतो. लेन्स त्या शंकूच्या आत असेल तर बाहुली लाल, बाहेर असेल तर काळी. छायाचित्रकारांचा जुना कामचलाऊ आडाखा असा की हा कोन अडीच ते तीन अंशांच्या वर गेला की लाली बहुधा टळते. बाहुली फारच मोठी असेल तर ही मर्यादाही पुरत नाही, त्यामुळे तिला काटेकोर नियम मानू नये.

आता या प्रकरणातली मापे पाहू. पॉप-अप फ्लॅश लेन्सच्या मध्यापासून सुमारे ९ सेंटिमीटर वर होता. माणसे ज्या टेबलापुढे उभी होती त्याची लांबी मी घरच्यांकडून मोजून मागवली, आणि फोकल लेंग्थवरून हिशेब केल्यावर कॅमेरा माणसांपासून सुमारे ४.५ मीटर दूर होता असे निघाले. तरुणाने लांब उभे राहून ५५ मिलिमीटरपर्यंत झूम केले होते. ४.५ मीटरवर ९ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम १.१५ अंश. लेन्स शंकूच्या बरोबर मध्यावर बसल्यासारखी होती. रेड-आय रिडक्शन चालू असो वा नसो, या कोनात डोळे लाल येणारच होते.

याच गटाच्या शेवटी काढलेले काही फोटो मात्र बरेच सुधारलेले होते, आणि त्यांचे कारण शोधताना या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट हाती लागली. पुढच्या खुर्च्या हलवल्यामुळे तरुणाला पुढे येता आले होते. त्याने झूम मागे घेऊन २४ मिलिमीटरवर, सुमारे दोन मीटरवरून फोटो घेतले होते. चौकटीत माणसे तितकीच मावली होती, कारण या कॅमेऱ्याच्या सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) ५५ मिलिमीटरने ४.५ मीटरवरून जेवढी रुंदी मिळते, जवळजवळ तेवढीच २४ मिलिमीटरने दोन मीटरवरून मिळते. दोन्हीकडे ती १.९ मीटरच्या आसपास भरते. पण दोन मीटरवर ९ सेंटिमीटरचा कोन २.६ अंश होतो, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त. फ्लॅश तोच, खोली तशीच अर्धवट अंधारी, आणि तरीही मोठ्यांपैकी बहुतेकांचे डोळे काळे आले, मुलांचे तेवढे फिकट लाल राहिले.

लांब उभे राहून झूम करण्याची सवय पुष्कळांना असते, आणि एरवी ती चांगलीच सवय आहे, कारण त्यामुळे चेहऱ्यांची ठेवण बिघडत नाही. पण कॅमेऱ्यातला फ्लॅश वापरायचा असेल तेव्हा तीच सवय लाल डोळ्यांना आमंत्रण देते. जवळ जाऊन रुंद लेन्स वापरली तर कडेच्या माणसांचे चेहरे किंचित ताणले जातात हे खरे, पण अशा सेन्सरवर २४ मिलिमीटरपर्यंत तो ताण सहन करण्याजोगा असतो. १८ मिलिमीटरवर गेले की कडेच्या माणसाचे डोके लांबट दिसू लागते, तिथवर जाऊ नये.

मोबाइलमध्ये तर फ्लॅश आणि लेन्स यांत एखाद्या सेंटिमीटरचेच अंतर असते. एक मीटरवरही तो कोन अर्ध्या अंशाच्या जवळपास राहतो, त्यामुळे मोबाइलच्या फ्लॅशच्या बाबतीत कोन वाढवून सुटका होणे शक्य नसते. तिथे उपाय उजेडातच शोधावा लागतो.

बाहुलीचा आकार आणि आजींचे कोडे

दुसरी गोष्ट बाहुलीची. चांगल्या उजेडात बाहुलीचा व्यास २ ते ४ मिलिमीटर असतो आणि अंधारात तो तरुणांमध्ये ७ ते ८ मिलिमीटरपर्यंत जातो. व्यास साडेतीनवरून सातवर गेला म्हणजे क्षेत्रफळ चौपट झाले: आत चौपट प्रकाश जातो आणि फोटोत दिसणारी तांबडी चकतीही तेवढीच मोठी होते. पडद्यावरची छायाचित्रे पाहण्यासाठी सगळे बराच वेळ अंधारात बसले होते, त्यामुळे बाहुल्या पूर्ण उघडलेल्या होत्या, आणि त्या आकसण्याआधीच फोटो घेतले गेले. बाहुली प्रकाश पडल्यावर आकसू लागायला सुमारे पाव सेकंद घेते. फ्लॅशची लखलख सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात संपते. म्हणजे ज्या प्रकाशामुळे फोटो निघतो, त्या प्रकाशाला बाहुली कधीच वेळेवर प्रतिसाद देऊ शकत नाही.

रेड-आय रिडक्शनची कल्पना यावरच आधारलेली आहे. मुख्य फ्लॅशच्या आधी सुमारे सेकंदभर एक छोटा दिवा लावून किंवा फ्लॅशच्या काही लखलखी देऊन बाहुल्या आकसायला लावायच्या. या गटात ती सोय चालू होती असे एक्झिफ सांगत होते. तरी तिचा उपयोग का झाला नाही, याची कारणे फोटोंतच दिसत होती. दिवा लागलेला पाहून काहींना फोटो निघाला असे वाटले आणि ते हलले, वळले, काहींनी डोळे मिटले. मागच्या रांगेतले लोक दिव्याकडे पाहतच नव्हते, आणि साडेचार मीटरवर त्या दिव्याचा उजेड पडतोही अगदी थोडा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही सोय बाहुली लहान करते, कोन बदलत नाही. सात मिलिमीटरची बाहुली पाचवर आली तरी लेन्स शंकूच्या आतच राहते, आणि मग बाहुली लहान पण लालच दिसते. मला विचाराल तर, जिथे खोलीतले दिवे लावता येतात तिथे ही सोय बंद ठेवावी. एका सेकंदाच्या उशिराने हातचा क्षण जातो, आणि तोच सेकंद खोलीतल्या दिव्यांना दिला तर काम अधिक नीट होते.

आजींचे डोळे मात्र या सगळ्या हिशेबात बसत नव्हते. वय वाढते तसतशी अंधारातही बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, म्हणून वयस्कर माणसांचे डोळे फोटोत सहसा कमी लाल येतात. इथे उलट झाले होते: त्यांच्या बाहुल्या सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लाल होत्या, अगदी दोन मीटरवरून घेतलेल्या फोटोंतही. विचारपूस केल्यावर कळले की त्याच दिवशी दुपारी त्यांची डोळ्यांची तपासणी झाली होती आणि बाहुल्या मोठ्या करणारे थेंब डोळ्यांत घातले होते. या थेंबांचा परिणाम काही तास टिकतो. तोपर्यंत बाहुली उजेडाला दाद देत नाही, त्यामुळे आधीचा दिवा, खोलीचे दिवे, काहीच लागू पडत नाही. अशा माणसाच्या बाबतीत कोन बदलणे किंवा थेट फ्लॅश टाळणे एवढेच हातात असते. थेंबांमुळे तेजस्वी प्रकाश त्रासदायकही वाटतो, तेव्हा त्या दिवशी त्यांच्यावर सरळ फ्लॅश न मारणे हे सौजन्याचेही आहे.

घरातल्या कुत्र्याचे डोळे हिरवट पिवळे आले होते. कुत्रा, मांजर, गाय यांसारख्या प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक वेगळा चकाकता थर असतो, आणि त्याचा रंग लाल नसतो. त्यामुळे लाल रंग शोधून काम करणारी दुरुस्तीची साधने त्यांच्यावर चालत नाहीत. काही संपादन प्रणालींत प्राण्यांच्या डोळ्यांसाठी स्वतंत्र पर्याय दिलेला असतो, तो वापरावा.

एक डोळा लाल, एक पांढरा

चार वर्षांच्या नातवाच्या एका फोटोत त्याचा डावा डोळा लाल होता आणि उजव्या बाहुलीत लालऐवजी पांढरट, किंचित पिवळसर चकाकी होती. एकगठ्ठा दुरुस्ती केली असती तर साधनाने लाल डोळा काळा केला असता आणि हा पांढरटपणा छापील अल्बममध्ये एक विचित्र ठिपका म्हणून राहिला असता, किंवा कुणीतरी तोही काळ्या रंगाने झाकून टाकला असता. तसे होणे मला परवडणारे वाटत नाही, कारण लहान मुलाच्या बाहुलीतला पांढरा परावर्त हा काही वेळा गंभीर आजाराचा पहिला दिसणारा पुरावा असतो.

त्या आजारांमध्ये जन्मजात मोतीबिंदू येतो, दृष्टिपटलाचे काही विकार येतात, आणि रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोगही येतो. तो दुर्मीळ आहे, साधारणपणे १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळात आढळतो आणि बहुतेकदा पाच वर्षांच्या आतच दिसून येतो. लवकर ध्यानात आला तर त्यावर चांगले उपचार होऊ शकतात, उशीर झाला तर डोळा आणि प्रसंगी जीवही जाऊ शकतो. अमेरिकेतील बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा आजार झाला होता. मुलाच्या जुन्या फोटोंतली पांढरी चकाकी त्यांनी नंतर बारकाईने तपासली, आणि त्यातून फोटोंमधला पांढरा परावर्त शोधणारे क्रेडल हे मोबाइल ॲप तयार झाले.

पांढरटपणाचे एक निरुपद्रवी कारणही आहे, आणि ते समजून घेतले नाही तर पालकांना नाहक धास्ती बसते. दृष्टीची नस डोळ्यातून जिथे बाहेर पडते, ती चकती आजूबाजूच्या पडद्यापेक्षा पुष्कळच फिकट असते. ती दृष्टीच्या मध्यबिंदूपासून सुमारे १५ अंश नाकाच्या बाजूला असते. डोळा नाकाकडे तेवढा वळलेला असताना फ्लॅशचा प्रकाश नेमका या चकतीवरून परतला, तर निरोगी डोळ्याची बाहुलीही पांढरट दिसते. या फोटोत मुलगा कॅमेऱ्याकडे नव्हे, तर स्वतःच्या डावीकडे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी पाहत होता. म्हणजे उजवा डोळा नाकाकडे वळलेला होता, आणि पांढरटपणा नेमका उजव्याच डोळ्यात होता. त्याचे इतर फोटो काढून पाहिले: ज्यांत तो सरळ लेन्सकडे पाहतो, त्यांत दोन्ही बाहुल्या सारख्याच लाल होत्या.

हे सगळे निरुपद्रवी कारणाकडे बोट दाखवणारे होते. तरीही फोटोवरून निदान करणे हे फोटो दुरुस्त करणाऱ्याचे काम नव्हे, त्यामुळे मूळ फाइल जशीच्या तशी, दुरुस्ती न करता, पालकांकडे पाठवली आणि मुलाला नेत्रतज्ज्ञांना दाखवण्यास सांगितले. त्यांनी बाहुल्या मोठ्या करून दोन्ही डोळ्यांचे पडदे तपासले आणि काहीही दोष नसल्याचे सांगितले. पांढरट चकाकी एकाच डोळ्यात, वेगवेगळ्या दिवशीच्या, वेगवेगळ्या दिशांनी काढलेल्या फोटोंत पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मात्र काही महिने वाट पाहण्यात अर्थ नाही. तपासणी दिवसांच्या हिशेबात व्हायला हवी.

दोन डोळ्यांतली लाली सारखी नसणे, म्हणजे एक उजळ आणि एक मंद असणे, यालाही अर्थ असू शकतो. तिरळेपणा किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असला तर परावर्त असमान दिसतो, आणि रोलंड ब्रुकनर यांनी १९६२ मध्ये लहान मुलांसाठी मांडलेली चाचणी याच असमानतेवर उभी आहे. उलट, दोन्ही डोळे फोटोत सारखे लाल आले म्हणजे ते निरोगीच आहेत, असाही निष्कर्ष काढता येत नाही. फोटो शंका घ्यायला पुरतो, निश्चिंत व्हायला पुरत नाही.

प्रत्यक्ष दुरुस्ती

यानंतरच दुरुस्तीला हात घातला, तोही मूळ फाइलींच्या प्रतीवर. प्रत्येक चेहरा दोनशे ते तीनशे टक्के मोठा करून आधी पाहिला आणि मग एकेक डोळा स्वतंत्रपणे हाताळला.

दुरुस्तीचे मूळ गणित सोपे आहे. फोटोतल्या प्रत्येक बिंदूत लाल, हिरवा आणि निळा किती आहे हे ० ते २५५ अशा मूल्यांत मोजतात, आणि बाहुलीतल्या एका बिंदूचे मूल्य लाल १९०, हिरवे ४५, निळे ५० असे होते. त्यातले लाल काढून तिथे हिरव्या आणि निळ्याची सरासरी, म्हणजे साधारण ४७, ठेवली की बिंदू गडद करडा होतो आणि बाहुली नैसर्गिक दिसू लागते. डोळ्यातली फ्लॅशची चमक, जिला छायाचित्रकार कॅचलाइट म्हणतात, तिच्यात तिन्ही रंग जवळजवळ सारखे असल्यामुळे ती आपोआप शाबूत राहते. ती पुसली गेली तर डोळा निर्जीव दिसतो, म्हणून संपूर्ण बाहुलीवर काळा ठिपका ठेवण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही.

अडचण सुरू होते ती कोणता बिंदू लाल समजायचा हे ठरवताना. साधने त्यासाठी एक उंबरठा ठेवतात, उदाहरणार्थ लाल मूल्य बाकी दोघांच्या सरासरीच्या दीडपट असेल तर तो बिंदू बदलायचा. पण तपकिरी बुबुळातला एक बिंदू लाल ९०, हिरवा ६०, निळा ४५ असा होता. त्याचे गुणोत्तर १.७ भरते. दीडपटीच्या उंबरठ्याने बाहुलीबरोबर बुबुळही करडे झाले आणि तपकिरी डोळ्यांची माणसे राखाडी डोळ्यांची दिसू लागली. उंबरठा दुपटीवर नेल्यावर बुबुळ वाचले, बाहुली मात्र सुधारत राहिली, कारण तिथले गुणोत्तर चारपट होते. दुपटीच्या उंबरठ्यावर ओठ मात्र सापडू शकतात, म्हणून आधी डोळ्याभोवती घट्ट निवड करून मगच साधन चालवायचे. संपूर्ण फोटोवर ते मोकळे सोडले तर लाल कपड्यांवरचेही रंग जातात. गिंप या फोटो-संपादन प्रणालीत लाल डोळे काढण्याच्या फिल्टरला असा उंबरठा बदलता येतो, फोटोशॉपच्या साधनात बाहुलीचा आकार आणि काळेपणा असे दोन घटक असतात. दोन्हीकडे आपोआप मिळालेली मूल्ये गडद डोळ्यांसाठी तपासून घ्यावीत.

कडांचा प्रश्न वेगळा. लांबून घेतलेल्या फोटोंत एका मिलिमीटरला सुमारे तीन पिक्सेल येत होते, म्हणजे सहा मिलिमीटरची बाहुली जेमतेम अठरा-एकोणीस पिक्सेल रुंद. जेपेग फाइल रंगाची माहिती बहुधा आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्म्याच बारकाईने साठवते, त्यामुळे रंगाच्या दृष्टीने ती बाहुली नऊ-दहा ठोकळ्यांचीच उरते आणि लाली तिच्या कडेवरून बुबुळावर सांडते. दुरुस्तीनंतर बाहुलीभोवती बारीक गुलाबी कडे राहिले ते यामुळेच. ते घालवण्यासाठी निवडीची कड एक-दोन पिक्सेल मऊ करून, त्या कड्यावर फक्त रंगाची तीव्रता उतरवली, उजळपणाला हात लावला नाही.

घाऱ्या डोळ्यांच्या बाईंच्या फोटोत लाल मूल्य कमाल २५५ वर पोचले होते आणि हिरवे-निळेही शंभराच्या वर होते. सरासरी घेतल्यावर बाहुली करडी आणि धूसर झाली, मोतीबिंदू झाल्यासारखी. तिथे रंग काढल्यानंतर कॅचलाइट वगळून बाकीचा भाग वेगळा गडद करावा लागला, पण शून्यापर्यंत नव्हे: वीस-तीसच्या आसपास मूल्य ठेवले की डोळ्यात खोली राहते. काही ठिकाणी आपोआप चालणाऱ्या साधनाने पूर्ण गोल काढून वरच्या पापणीवरही काळे पसरवले होते, तिथे पापणी पुन्हा मूळ प्रतीतून आणली. बाहुल्यांचा आकार मात्र कुठेही लहान केला नाही. खोली अंधारी होती आणि मोठ्या बाहुल्या हे तिथले वास्तव होते.

पुढच्या मेळाव्याची तयारी

पुढच्या वेळेसाठी त्या तरुणाशी जे ठरले, त्यात सर्वांत आधी दिवे. फोटोच्या निदान दोन-तीन मिनिटे आधी खोलीतले सगळे दिवे लावायचे आणि मगच सर्वांना उभे करायचे. चांगल्या उजेडाच्या खोलीत एफ ४ (ॲपर्चर), आयएसओ १६०० (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) आणि शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे, एवढ्यावर फ्लॅशशिवायही फोटो निघतो. माणसे स्थिर उभी असतील तर थोडा ग्रेन, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, पत्करून हाच मार्ग धरावा असे माझे मत आहे.

फ्लॅश लागलाच तर तो स्वतंत्र असावा आणि छताकडे वळवलेला असावा. तसे केल्यावर माणसांच्या दृष्टीने प्रकाशाचा उगम कॅमेऱ्याजवळ नसून छतावर असतो, कोन दोन-तीन अंशांऐवजी कितीतरी मोठा होतो, आणि लालीचा प्रश्नच उरत नाही. प्रकाश मात्र दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त घटतो, म्हणजे एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी उरतो. तो आयएसओ वाढवून भरून काढावा लागतो. छत पांढरेच हवे, रंगीत छत चेहऱ्यांवर आपला रंग टाकते. फ्लॅशवर पांढरी टोपी बसवून तो सरळ माणसांवर रोखला तर सावल्या थोड्या मऊ होतात, पण फ्लॅशची जागा न बदलल्याने कोन जवळपास तोच राहतो, त्यामुळे लाल डोळ्यांवरचा उपाय म्हणून ती टोपी विकत घेण्यात हशील नाही.

सरळ फ्लॅश मारण्यावाचून गत्यंतर नसेल तेव्हासाठी एक सोपा आडाखा ठरला: अडीच अंशांचा कोन राखायचा तर फ्लॅश आणि लेन्स यांतले अंतर हे माणसांपर्यंतच्या अंतराच्या तेविसाव्या भागाइतके तरी हवे. तीन मीटरसाठी १३ सेंटिमीटर, साडेचार मीटरसाठी २० सेंटिमीटर. हॉट शूवरच्या स्वतंत्र फ्लॅशचे तोंड लेन्सपासून साधारण २० सेंटिमीटर वर येते, म्हणजे साडेचार मीटर ही त्याची हद्द.

पुढचा मेळावा दुसऱ्या जागी झाला आणि तिथले छत उंच, गडद लाकडाचे निघाले. छतावरून प्रकाश परतेना, तेव्हा तरुणाने फ्लॅशचे तोंड बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवले. डोळे स्वच्छ आले, पण भिंतीपासून दूर उभ्या असलेल्या माणसांचे अर्धे चेहरे काळोखात गेले. आता त्यांच्या बाजूला प्रकाश परतवणारा पांढरा फलक धरून पाहायचा आहे. तेवढ्यासाठी फ्लॅश पुन्हा समोर वळवू नये, असे मी त्याला कळवले आहे.